पाचव्या टेबलावरचा रास्पबेरी पाय

बार्शीत माझा मराठी टायपिंगचा क्लास आहे. पाचपैकी एका कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला आणि दुरुस्तीवाल्याने हात वर केले. मॉनिटर, कीबोर्ड, माउस मात्र धडधाकट होते, ते अडगळीत टाकायला मन होईना. भाचा म्हणाला, "आत्या, तुला टायपिंगच करायचंय ना? मग रास्पबेरी पाय लाव." रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा अख्खा कॉम्प्युटर. म्हणून ४ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४ मागवला.

बोर्ड एटीएम कार्डाएवढा. हार्ड डिस्क नाही, पॉवरचं बटणही नाही. मायक्रोएसडी कार्ड हीच डिस्क. लॅपटॉपवर कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारं 'रास्पबेरी पाय इमेजर' हे सॉफ्टवेअर टाकलं, ३२ जीबीचं कार्ड लावलं आणि डेस्कटॉप असलेली ६४ बिटची रास्पबेरी पाय ओएस निवडली. तेव्हा ती डेबियन १२ या लिनक्सवर बेतलेली होती. कार्डावर लिहायला घेण्याआधी इमेजर यूजरनेम, पासवर्ड, वायफाय, टाइम झोन विचारतो. ते तिथंच नीट भरा. जुन्या व्हिडिओंत सांगतात तो 'पाय' नावाचा तयार यूजर एप्रिल २०२२ पासून येत नाही.

मॉनिटर जोडायला बोर्डाच्या बाजूने मायक्रो एचडीएमआय असलेली केबल लागते, ती वेगळी घ्यावी लागली. दोन जॅक आहेत. मॉनिटर एकच असेल तर पॉवरच्या शेजारच्या जॅकला लावायचा.

पहिल्यांदा चालू केला तो घरातल्या मोबाईल चार्जरवर, आणि इथंच माझे दोन दिवस गेले. डेस्कटॉप आला, पण कोपऱ्यात व्होल्टेज कमी असल्याचा इशारा सारखा येई, ब्राउझर उघडला की माउस अडखळे. मला वाटलं बोर्डच खराब निघाला. भाच्याने फोनवरून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड द्यायला लावली. उत्तर आलं ०एक्स५०००५. म्हणजे वीज त्या क्षणीही कमी पडत होती आणि त्यापायी प्रोसेसरचा वेग उतरवला जात होता. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा खास पायसाठीचा अॅडॉप्टर आणला, पुन्हा कमांड दिली, उत्तर आलं ०एक्स०, म्हणजे काहीच तक्रार नाही. तोच बोर्ड, तेच कार्ड, आणि अडखळणं पार गेलं.

आता मराठी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. लोहित देवनागरी फॉन्ट एका कमांडने आला. वर्ड-एक्सेलसारखं लिबरऑफिस या आवृत्तीत नसतं, तेही टाकून घेतलं. कीबोर्डसाठी रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या वेलँडऐवजी जुनं एक्स११ निवडलं आणि कीबोर्डच्या फाइलमध्ये 'यूएस'च्या जोडीला 'इन' आणि भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्टचा पर्याय लिहिला. आता ऑल्ट-शिफ्ट दाबलं की इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड. मी पहिला शब्द टाइप केला 'वाऱ्यावर'. त्यातल्या ऱ्यासाठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. पडद्यावर ऱ्या जसा हवा तसाच उमटला, रफार होऊन य च्या डोक्यावर चढला नाही. वर्गात मी याच अक्षरासाठी मुलांना दहादा थांबवते, त्यामुळे ते नीट दिसल्यावर मला खरोखर भरून आलं.

पुढच्या आठवड्यात अपडेट चालू असताना लाईट गेली. परत आली तेव्हा लाल दिवा लागला, डेस्कटॉप येईना. कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडली होती. कार्ड पुन्हा लिहून सगळं नव्याने टाकलं, संध्याकाळ गेली. तेव्हापासून पाचवं टेबल इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे आणि कार्डाची जागा एका छोट्या एसएसडीने, म्हणजे चिपवर चालणाऱ्या वेगवान डिस्कने, घेतली आहे. ती निळ्या यूएसबीला लावली, पाय ४ तिच्यावरून थेट सुरू होतो. सुरू व्हायला लागणारा वेळ जाणवण्याइतका कमी झाला आणि लिबरऑफिसही पटकन उघडतं. बजेट बसत असेल तर एसएसडी पहिल्याच दिवशी घ्या. मुलांना रोज आठवणीने मेनूतून शटडाउन करायला लावते, थेट स्विच बंद करू देत नाही.

उन्हाळ्यात काळजी घ्यावी लागते. ८० अंशांपुढे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि बार्शीचं ऊन तर माहीतच आहे. बारीक पंखा असलेली अॅल्युमिनियमची केस घातल्यावर दुपारच्या बॅचलाही पुन्हा तक्रार आली नाही.

ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडून बसणाऱ्याला किंवा विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागणाऱ्याला मी हा घ्या म्हणणार नाही. परीक्षेच्या सरावाचं आमचं सॉफ्टवेअर यावर चालत नाही, ते बाकीच्या चार मशीनवरच करतो. पण टायपिंग, पत्रं, अर्ज, पीडीएफ वाचणं, प्रिंट काढणं यात पाचवं टेबल बाकीच्यांच्या मागे नाही. सकाळी सातच्या बॅचची एक मुलगी आता मुद्दाम तिथंच बसते. म्हणते, "मॅडम, या टेबलाखाली सीपीयू नाही, पाय नीट ठेवता येतात." दुसरा बोर्ड दिवाळीनंतर घेणार आहे, अॅडॉप्टर आणि एसएसडी या वेळी त्याच्यासोबतच.