चावीचं ओमेगा की तारखेचं सीमास्टर?

१९५०च्या दशकातलं ओमेगा घ्यायचं म्हटलं की बहुतेकांची गाडी दोन घड्याळांपाशी अडते: ३० मिमी व्यासाच्या मशीनचं चावीचं, नाहीतर तारीख दाखवणारं सीमास्टर ऑटोमॅटिक. मी दोन्ही वापरली आहेत.

सीमास्टरची ओढ मला पुरेपूर कळते. १९५२च्या सुमाराच्या कॅलेंडर मॉडेलमध्ये ३५३ नंबरचं बंपर मशीन असतं. हाताच्या हालचालीने आपोआप चावी देणारं त्यातलं वजन पूर्ण गोल फिरत नाही, दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आपटून परत येतं. चहाचा कप उचलताना मनगटाला तो हलका ठोका लागतो. नंतरच्या पूर्ण फिरणाऱ्या रोटरमध्ये ती मजा नाही.

मला नडली ती तारीख. घड्याळं जमवणारा एकच घड्याळ रोज घालत नाही. पेटीत ठेवलेलं सीमास्टर दोन दिवसांत थांबतं. बारा दिवसांनी काढलं की तारीख दहाएक दिवस मागे पडलेली. नुसती तारीख पुढे सरकवायची सोय नाही. काटे फिरवायचे, मध्यरात्र ओलांडायची, एक तारीख पुढे; पुन्हा तेच. काही जण बारा ओलांडून काटे नऊच्या आसपास मागे आणतात आणि पुन्हा पुढे नेतात. सत्तर वर्षं जुन्या चाकांच्या दात्यांवर हे करायला माझा हात धजावत नाही. शिवाय वर्षातले पाच महिने ३१ दिवसांचे नसतात, तेव्हा एक तारखेला पुन्हा हाच खटाटोप. हळूहळू ते पेटीतून निघेनासंच झालं.

चावीच्या घड्याळाचं तसं नाही. माझ्या घड्याळात २६७ नंबरचं मशीन आहे, सहाजवळ छोटा सेकंदकाटा. सकाळी चावी द्यायची, अडली की थांबायचं, वेळ लावली की झालं. १९३९ ते १९६३ या काळात ३० मिमीची सुमारे ३० लाख मशीनं निघाली, त्यामुळे सुटे भाग अजून सापडतात. याच घराण्यातल्या खास मशीनांनी जिनिव्हा, नूशातेल आणि क्यू इथल्या वेधशाळांच्या अचूकतेच्या चाचण्या गाजवल्या. माझं मात्र साधं, तरी दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत राहतं.

कोणतंही घेतलंत तरी डायल भिंगातून बघा. आपल्या बाजारात मागाहून पुन्हा रंगवलेले डायल फार. तळाची ‘स्विस मेड’ अक्षरं जाड, वाकडी किंवा गायब असतील तर सोडून द्या.

रोज एकच घड्याळ घालणार असाल तर सीमास्टर कदाचित तुम्हाला जास्त आवडेल. माझं मी धाकट्या भावाला दिलं. त्याच्याकडे दुसरं घड्याळच नाही, त्यामुळे ते थांबत नाही.