पितळी म्यान की चामडी मूठ?

पाणबुड्यांच्या, म्हणजे डायव्हरांच्या, जुन्या लष्करी सुऱ्या जमवू पाहणारा संग्राहक बहुधा दोन नावांपाशी अडतो: ब्रिटिश नौदलाला साहित्य पुरवणाऱ्या लंडनच्या सीब गॉर्मन कंपनीची पितळी म्यानाची सुरी, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने १९४३ पासून वापरलेली मार्क २. पहिली जड शिरस्त्राण घालून तळाशी चालणाऱ्यांची, तर दुसरी पोहत जाऊन किनाऱ्यालगतचे अडथळे सुरुंगाने उडवणाऱ्यांच्याही कमरेला असे. काही वर्षे दोन्ही माझ्या कपाटात शेजारी होत्या. आता एकच उरली आहे.

अस्सलपणाच्या बाबतीत मार्क २ उजवी आहे, हे आधी मान्य करायला हवे. पाते किंवा आडपट्टी यांवर नौदलाचा आणि बनवणाऱ्याचा ठसा सहसा सापडतो, त्यामुळे पडताळणी सोपी जाते. पितळी सुरीच्या नकला मात्र आपल्याच देशात ढिगाने तयार होतात आणि जुनी जहाजे मोडणाऱ्या अलंगच्या जुन्या मालात नव्या वस्तू सहज मिसळून जातात. माझ्या पाहण्यातल्या नकलांचे, मूठ म्यानावर फिरवून बसवण्याचे आटे सैल आणि पाते पातळ होते. अस्सल सुरीचे म्यान हातात घेताच वजन जाणवते आणि मूठ काही वळशांत, न डगमगता घट्ट बसते. पाणबुडा वाकला तरी सुरी निसटू नये, यासाठीच ही आट्यांची योजना.

तरीही माझे पारडे फिरले ते मार्क २ च्या मुठीमुळे. ती चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून, दाबून केलेली असते. बडोद्याच्या मे महिन्यात या चकत्या आकसतात, त्यांच्यामध्ये केसभर फटी पडतात आणि श्रावणात नेमकी त्या फटींतूनच पांढरी बुरशी वर येते. फडक्याने पुसली की वरची जाते, सांध्यातली राहते आणि आठवडाभरात पुन्हा दिसू लागते. तेल जास्त झाले तर चामडे मऊ पडते. शिवाय आतल्या पोलादी दांड्याला गंज चढला आहे की नाही, हे मूठ उकलल्याशिवाय कळत नाही, आणि मूठ उकलली की संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूची किंमत संपते.

पितळही कळकते, पण ते डोळ्यांसमोर कळकते. (चिंचेने घासून लखलखीत करण्याचा मोह मात्र आवरावा, ठशाची अक्षरे त्यात झिजतात.) पावसाळ्यात पाते म्यानाबाहेर ठेवावे, कारण बंद म्यानात दमटपणा कोंडतो, आणि आट्यांना किंचित मेण लावावे, एवढीच तिची मागणी असते.

वातानुकूलित खोली असलेल्यांचा किंवा कोरड्या हवेच्या गावी राहणाऱ्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल, आणि ठशांची खात्री ज्यांना सर्वांत महत्त्वाची वाटते त्यांनी मार्क २ खुशाल घ्यावी. बडोद्यात मात्र साध्या लाकडी कपाटात संग्रह ठेवायचा असेल, तर नकला पारखण्यासाठी थोडे अधिक थांबून पितळी म्यानाचीच सुरी शोधावी, असे मी सुचवीन.