मिश्रणाची उष्णतावाहकता: मोजायची की सूत्राने काढायची?

हीट एक्स्चेंजरचं (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या उपकरणाचं) डिझाइन करायला बसलं की द्रव मिश्रणाची उष्णतावाहकता लागतेच, आणि आपल्याला हव्या त्या प्रमाणाचा आकडा नेमका तक्त्यात नसतो. मग नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, की सूत्रावर भागवायचं?

सरळ सरासरीचा मोह मात्र आधीच सोडा. 25 अंश सेल्सिअसला पाण्याची वाहकता 0.607 वॅट प्रति मीटर केल्विन, इथिलीन ग्लायकॉलची साधारण 0.254. वजनाने निम्मं-निम्मं घेतलं तर सरासरी 0.43 येते. दोन द्रवांच्या मिश्रणासाठी फिलिप्पोव्हचं सूत्र आहे. त्यात यातून एक वजाबाकी होते: 0.72 गुणिले दोन्ही वस्तुमान-अंश (वजनातला वाटा, इथे 0.5 आणि 0.5) गुणिले वाहकतांमधला फरक. उत्तर येतं 0.37, आणि मोजलेले आकडेही त्याच्या जवळपासच असतात. सरासरी धरली तर नळीतल्या खळाळत्या प्रवाहाचा उष्णता-संक्रमण गुणांक (द्रव आणि नळीची भिंत यांच्यात उष्णता किती सहज जाते त्याचं माप) सुमारे 10 टक्के जास्त धरला जातो आणि एक्स्चेंजर लहान पडतो.

सूत्राला पाच मिनिटं लागतात, खर्च काही नाही. पण फिलिप्पोव्ह दोनच द्रवांसाठी. तीन-चार असतील तर ‘ली’ यांची पद्धत घ्या, तिच्यात आकारमान-अंश (आकारमानातला वाटा) लागतात. घातांकी सूत्र (वाहकतांचे घात घेऊन सरासरी काढणारं) मिश्रणात पाणी असताना वापरूच नका.

मोजणीत माझा कौल तप्त तारेच्या पद्धतीला. केसाहून बारीक प्लॅटिनमची तार द्रवात उभी ताणलेली असते. करंट सोडला की सेकंदभरात ती दोन-चार अंश तापते. ही वाढ वेळेच्या लॉगरिदमसमोर मांडली की सरळ रेषा मिळते. चढ जितका कमी, तितकी वाहकता जास्त. द्रवात संवहन (तापलेला द्रव स्वतःच वर सरकून उष्णता नेणं) सुरू झालं तर रेषेचं शेपूट खाली वाकतं आणि चूक डोळ्यांना दिसते. दोन तापत्या-थंड पाट्यांमध्ये द्रव ठेवून मोजताना तेच संवहन गुपचूप आकड्यात मिसळतं आणि वाहकता फुगते. चांगल्या उपकरणात अनिश्चितता 1 टक्क्याच्या आसपास राहते. सूत्रात 5 टक्के तरी धरून चाला.

दोन ओळखीचे द्रव आणि नेहमीचं तापमान असेल, तर मी सूत्रच वापरेन, आणि वाचलेला पैसा चिकटपणा मोजण्यावर घालेन. बहुतेकदा डिझाइन तिथेच जास्त चुकतं. क्षार विरघळलेले असतील किंवा शुद्ध घटकांचेच आकडे मिळत नसतील, तर मोजाच. फक्त क्षार असलेला द्रव वीज वाहून नेतो, तेव्हा उघडी तार चालत नाही. ऑक्साइडचा वीजरोधक थर दिलेली टँटलम धातूची तार आहे का, हे प्रयोगशाळेला विचारा. उपकरण बरोबर मोजतंय का हे पाहायला त्यावरच टोल्युइन या ओळखीच्या द्रवाचं मोजमापही मागा: 25 अंशांना 0.131 आलं नाही, तर तुमच्या मिश्रणाचा आकडा घेऊ नका.