पासवर्ड रिकामा ठेवायचा की लॅपटॉपलाच भरू द्यायचा?

विंडोजचा पासवर्ड रोज टाकायचा कंटाळा आला की दोन वाटा उरतात. एक, पासवर्ड पुसून रिकामा ठेवणं. दुसरी, पासवर्ड तसाच ठेवून सुरू होताना तो लॅपटॉपलाच भरायला लावणं. विंडोजच्या आधी, काळ्या पडद्यावर विचारला जातो तो बायोसचा पासवर्ड. त्याचा इथे संबंध नाही. ऐरोली-महापेच्या ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर दोन्ही वाटा सोडा, तिथे नियम आयटीवाल्यांचे.

रिकामा पासवर्ड करायला दोन मिनिटं पुरतात. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, 'चेंज अ पासवर्ड', जुना भरा, नव्याच्या दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवून एंटर. अकाउंट मात्र लोकल, म्हणजे फक्त त्या लॅपटॉपपुरतं हवं; मायक्रोसॉफ्ट अकाउंटला (ईमेल आयडीने साइन-इन होतं ते) कोरा पासवर्ड चालत नाही. पिन ठेवलेला असेल तर तोही काढा, नाहीतर विचारणा सुरूच राहते.

घरात एकच लॅपटॉप आणि तो वापरणारे आजोबा, इतकंच असेल तर हे पुरेसं आहे. घोळ होतो तो फोल्डर शेअर करताना. समजा, जांभळी नाक्यावरच्या दुकानात काउंटरच्या लॅपटॉपवर बिलिंगचा डेटा आहे आणि माळ्यावरच्या कॉम्प्युटरवरून तो उघडायचा आहे. नाव बरोबर, नेटवर्क बरोबर, तरी आत घेत नाही. लोक राउटर बंद-चालू करतात, फायरवॉल उघडतात, केबल बदलतात. दोष कशातच नसतो. कोऱ्या पासवर्डचं खातं त्या मशीनसमोर बसूनच उघडावं, नेटवर्कवरून नाही, असा विंडोजचा मूळ नियमच आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून हा लॅपटॉप चालवू देणारा रिमोट डेस्कटॉपही याच कारणाने अडतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) हा नियम शिथिल करता येतो, पण मग दुकानाच्या वाय-फायवर असलेल्या कुणालाही नुसत्या नावावर आत शिरता येईल. माझ्यापुरता तरी निकाल इथेच लागला.

दुसऱ्या वाटेला सुरुवातीची खटपट थोडी जास्त. विंडोज आणि आर एकत्र दाबून 'नेटपीएलविझ' टाइप करा (एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड, सलग). आपलं नाव निवडा, वरची 'युजर्स मस्ट एंटर...' ही टिक काढा, अप्लाय करा. टिकची चौकटच दिसत नसेल तर सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये 'फक्त विंडोज हॅलो' (पिन, चेहरा किंवा बोटाने साइन-इन) अशा अर्थाचं बटण चालू असतं. ते बंद करून पुन्हा या.

अप्लाय केल्यावर पासवर्ड दोनदा विचारणारी खिडकी येते. बहुतेक जण इथेच फसतात आणि पिन टाकतात. ही खिडकी दोन्ही चौकटींतला मजकूर सारखा आहे एवढंच बघते, तो खरा आहे का हे तपासत नाही. चुकलं तर पुढच्या वेळी सुरू होताना कळतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर त्या अकाउंटचा पूर्ण पासवर्डच टाका, आणि पुढे कधी तो ऑनलाइन बदललात तर इथेही पुन्हा भरा.

झाकण मिटून उघडल्यावर परत पासवर्ड मागितला तर साइन-इन ऑप्शन्समध्येच 'परत साइन-इन कधी' याला 'नेव्हर' करा. दुसऱ्या खात्यात जायचं असेल तर साइन-आउट करताना शिफ्ट दाबून धरा.

यातली उणीवही सांगायला हवी: पासवर्ड मशीनमध्येच साठवला जातो आणि अ‍ॅडमिन हक्क असलेल्या जाणकाराला तो काढता येतो. म्हणून बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड इथे दुसऱ्यांदा वापरू नये. ज्यांचं विंडोज खातं मायक्रोसॉफ्ट अकाउंटचंच आहे, त्यांनी आधी लोकल खातं केलेलं बरं. तरी दुकान असो वा घर, जागचा न हलणारा लॅपटॉप असेल तर मी याच बाजूला झुकेन.

रोज ठाणे स्टेशनवरून लोकलने जाणाऱ्या लॅपटॉपला मात्र चार आकडी पिनच बरा. चौथा आकडा दाबला की एंटरशिवाय डेस्कटॉप उघडतो.