जनरेटर की इन्व्हर्टर? केव्हीएच्या आधी जागा मोजा

वीज गेल्यावरचा बॅकअप घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "लोड किती?", म्हणजे किती केव्हीएचं (मशीनच्या क्षमतेचं माप) हवं. तो दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला असा: घरापासून किमान ६ मीटर दूर, चहूबाजूंनी उघडी, पाण्यात न बुडणारी जागा तुमच्याकडे आहे का? नसेल तर पेट्रोलवरचा पोर्टेबल जनरेटर घेऊच नका, मग लोड कितीही असो. बाजारपेठेतला गाळा, चाळ, फ्लॅटची बाल्कनी, सगळ्यांना हेच लागू. तिथे इन्व्हर्टर-बॅटरीतच काय ते भागवावं लागेल.

इतका आग्रह कार्बन मोनॉक्साइडमुळे. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. छोट्या इंजिनात पेट्रोल पुरतं जळत नाही. चोक ओढलेला राहिला किंवा एअर फिल्टर तुंबला, तर आणखीच कमी जळतं आणि मोनॉक्साइड वाढतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा सल्ला घरापासून किमान २० फुटांचा आहे, आमचे ६ मीटर म्हणजे तेच. खिडकी उघडी ठेवून किंवा एक्झॉस्ट फॅन लावून हे अंतर भरून निघत नाही. उलट फॅनमुळे बाहेरचा धूर दुसऱ्या फटीतून आत खेचला जाऊ शकतो. "सायलेंट" मॉडेलचा आवाज कमी असतो, विषारी वायू नाही.

कोकणात माणसं चुकतात ती नेमकी पडवीत. बाहेर धो धो पाऊस, मशीन भिजलं तर शॉक बसायची भीती, शिवाय चोरीची धास्ती. म्हणून जनरेटर पडवीत येतो. "कौलारू घर आहे, हवा खेळती आहे" असं वाटतं, पण भिंत आणि कौलं यांच्यामधल्या ज्या फटीतून हवा खेळते, त्याच फटीतून धूर माजघरात उतरतो. उपाय पावसाआधीच करायचा. सहा मीटरवर वीतभर उंच सिमेंटचा ओटा, चार खांब, वर पत्रा, बाजू पूर्ण उघड्या. ओट्यात एक लोखंडी कडी बसवा आणि मशीन साखळीने बांधा. सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. पावसाळ्यातला वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा ओटा घराच्या पूर्वेला असेल तर उत्तम. चक्रीवादळ सरकतं तशी वाऱ्याची दिशा फिरते. त्या दिवशी धूर कुठे जातोय हे डोळ्यांनी बघा, आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांपर्यंतचं अंतरही मोजा.

आता आग. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि कोणत्याही ठिणगीने पेट घेते. सर्वाधिक धोका असतो तो चालू किंवा नुकत्याच बंद केलेल्या मशीनमध्ये पेट्रोल ओतताना, कारण सांडलेलं थेट तापलेल्या सायलेन्सरवर जातं. बंद करून १५-२० मिनिटं थांबा, नरसाळं वापरा, टाकी काठोकाठ भरू नका. साठ्याबद्दल पेट्रोलियम कायदा, १९३४ स्पष्ट आहे: विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर, तेही विक्रीसाठी नाही, आणि घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या यात बसत नाहीत. डबा घरात नको, जनरेटरच्या ओट्यावरही नको.

वायरही पेटते. ओट्यापासून घरापर्यंत १०-१२ मीटर केबल लागेल, ती २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, रबरी आवरणाची घ्या आणि रिळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, आवरण वितळतं. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये वीज "सोडणं" तर पूर्ण बंद करा. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ११ हजार व्होल्टच्या लाइनवर जाते, आणि खांबावर तुमचीच लाइन जोडणारा वायरमन त्यात सापडतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवा, तो घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडतो.

इन्व्हर्टरला धूर नाही, म्हणून तो निर्धोक समजला जातो. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. बॅटरी बंद कपाटात, देवघराखाली किंवा गॅस सिलिंडरशेजारी ठेवू नये. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ती जास्त चार्ज होतेय. जवळ ठिणगी उडू न देता चार्जिंग बंद करा, दारं-खिडक्या उघडा, मेकॅनिकला बोलवा. सैल टर्मिनल तापतं, म्हणून नट महिन्यातून एकदा बघा. पाना फिरवण्याआधी अंगठी-बांगड्या काढा. ही काळजी सोपी आहे. धोक्याच्या तराजूत इन्व्हर्टर जनरेटरपेक्षा कितीतरी हलका.

तरीही जनरेटरला पर्याय नसतो असे दिवस येतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. १५० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचं माप) १२ व्होल्ट बॅटरी पंखे-दिव्यांवर एक रात्र काढते, नंतर तिला भरणार कोण? शिवाय विहिरीवरचा १ एचपीचा पंप घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. सुरू होताना तो चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, म्हणून अडीच-तीन केव्हीएचा जनरेटर लागतो.

जागा असलेल्यांना आम्ही दोन्हींची जोडी सुचवतो: जनरेटर फक्त दिवसा, इन्व्हर्टर रात्री. माणसं झोपलेली असताना इंजिन चालू ठेवायचंच नाही. सकाळी तासभर पंप चालवून टाकी भरा, मग पाच-सहा तास बॅटरी चार्ज करा. १५ अँपिअरच्या चार्जरने तेवढ्या वेळात, वाया जाणारी वीज धरून, सुमारे ६०० वॅट-तास हाती येतात. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आणि दोन एलईडी दिवे म्हणजे ८० वॅट, सात तास निघतात. इन्व्हर्टर "यूपीएस" मोडवर असेल तर जनरेटरची चढ-उतार होणारी वीज तो नाकारतो, आधी साधा मोड लावा. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक युनिट वीज धरा.

जनरेटर घेतलात तर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्मही झोपायच्या खोलीत लावा. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही.

डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, हातापायातली ताकद जाणं, आणि तेही घरातल्या एकाहून अधिक जणांना एकदम, असं झालं की अन्नातून बाधा झाली असं समजून झोपू नका. सगळ्यांना उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवालंच वाटतं, आणि तो ९८ दाखवत राहतो. डॉक्टरांना "जनरेटर चालू होता" हे सांगा, म्हणजे ते लगेच ऑक्सिजन लावतील आणि रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हेच मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासतील.