ऑक्सिमीटर: साडेतीन वर्षं खणात, मग भांडणात

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका मेडिकलसमोर रांग लावून हा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला. अठराशे मोजले. बिल मागितलं तर दुकानदाराने मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं. साथ सरली आणि यंत्र देवघराच्या खणात पडलं.

ते परत बाहेर निघालं ते ऑक्सिजनसाठी नाही. हिचा आवाज चढला की मी दगड होतो. लहानपणी दांडिया बाजारच्या घरात आबांची पावलं जिन्यावर वाजली की आम्ही भावंडं असू तिथे गप्प. आबा जाऊन अकरा वर्षं झाली, पण कपाटाचं दार आपटलं की अजून माझी तीच गत. हिला वाटायचं, मी मुद्दाम तोंड शिवून बसतो.

समुपदेशक बाईंनी सांगितलं, की अमेरिकेत गॉटमन आणि लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना यंत्रं लावून वाद घालायला बसवलं होतं. गप्प बसणारा वरून थंड दिसतो, आत नाडी धावत असते. ती शंभरावर गेली की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरतच नाही. निदान वीस मिनिटं थांबावं लागतं. म्हटलं, नाडी मोजायचं यंत्र घरातच आहे की!

पहिला प्रयोग लाईट बिलावरून. "तुम्हाला काही फरकच पडत नाही," ही म्हणाली. मी यंत्र बोटाला लावलं. ऑक्सिजन ९८, नाडी ११८. ही बघतच राहिली. "एवढी? चक्कर-बिक्कर येत नाही ना?" म्हणत पाणी आणायला उठली. बिल त्या दिवशी राहिलंच.

आता आकडा शंभरावर गेला की "अर्ध्या तासात येतो" सांगून मी सूरसागर तलावाला फेरी मारतो. सांगून जायचं, कारण हिचे वडील भांडण झालं की दोन-दोन दिवस घरी येत नसत. हे मला लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर कळलं. एकदा फेरीभर उत्तरंच जुळवत बसलो. घरी आल्यावर आकडा १०४. पुन्हा चपला घातल्या.

यंत्राचं म्हणाल तर गार बोटाला रुसतं, हिच्या गडद नेलपेंटवर आकडा लटपटतो, हात हलला की रेघा दाखवतं. बॅटरीचं झाकण सैल, मी रबरबँड लावलाय. आकडा यायला दहा-बारा सेकंद लागतात, तेवढा वेळ दोघं त्या लाल दिव्याकडे बघत बसतो. हा दोष म्हणावा की गुण, ठरत नाही.

परवा मी बोट पुढे करणार, तर ही म्हणाली, "थांबा, आज आधी माझं." १०९ होती. मी समजत होतो, ओरडणाऱ्याला भीती नसते.

पाचपैकी तीन तारे. एक झाकणासाठी कापला, एक दुकानदाराने न दिलेल्या बिलासाठी. घेणार असाल तर दोन घ्या; आधी कोणाचं बोट, यावरूनही आमचं एकदा वाजलंय.