अलॉय (मिश्रधातूचे रिम) घ्यायच्या आधी चाक गाडीला लावून दाखवतात, पुण्यातल्या नाना पेठेतलं हे दुकान मला तरी पटलं

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे लिहितो. माझी गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचे लोखंडी रिम आणि १६५/८० आर१४ टायर (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). १५ इंची अलॉय टाकायचे होते, पण अट एकच, टायर कुठेही घासता कामा नये, कारण सणासुदीला गावी जाताना पाच माणसं, डिकी फुल आणि शेवटचा रस्ता खड्ड्यांचा. बाकी ठिकाणी विचारलं तर "बसतंय हो, सगळे हेच बसवतात" एवढंच उत्तर. इथे मात्र मालकांनी आधी गाडी जॅकवर घेतली, मागचं चाक काढलं आणि टेप लावून मडगार्डपासून आणि आत सस्पेन्शनपासून किती जागा आहे ते मोजलं, तेव्हाच मला बरं वाटलं.

मला आवडलेलं रिम होतं ७जे म्हणजे ७ इंच रुंदीचं, ऑफसेट ३५ (रिमच्या मध्यापासून गाडीला टेकणाऱ्या भागाचं अंतर मिमीत, आकडा कमी तितकं चाक बाहेर). दिसायला जबरदस्त. त्यांनी एक चाक टायरसकट मागे लावलं, गाडी खाली घेतली आणि दुकानातली पोरं मागच्या सीटवर बसवली, टायरची कड मडगार्डच्या आतल्या घडीला जवळजवळ टेकलीच. मग कागदावर हिशोब करून दाखवला, समजा मूळ रिम ५.५जे आणि ऑफसेट ४५ असेल तर या रिमची बाहेरची कड साधारण २९ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली साधारण ९ मिलिमीटर आत जाते, म्हणजे दोन्हीकडून जागा खाल्ली. तेच ६जे आणि ऑफसेट ४० घेतलं तर बाहेर साधारण ११ आणि आत जेमतेम १. "दादा, हे महागडं घेऊ नका, मडगार्डची घडी ठोकून बसवून देणारे भेटतील पण तिथला रंग तडकला की गंज धरतो" असं स्वतःच म्हणाले. महाग माल विकायला नकार देणारा दुकानदार मी तरी कमी पाहिलाय.

शेवटी ६जेवालेच घेतले, टायर १८५/६५ आर१५. हा साइज स्विफ्टच्या वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनीच देते, आणि बाहेरचा व्यास जुन्या टायरचा साधारण ६२० मिमी तर याचा ६२१.५, त्यामुळे स्पीडोमीटरमध्ये फरक नाही आणि चाकाच्या खोबणीत उंचीने काही वाढत नाही. १९५/६५ घेतला असता तर व्यास ६३४ च्या वर गेला असता, तिथे पुढचं चाक फुल वळवल्यावर लायनरला (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला) लागायची शक्यता वाढते. टायरचा लोड इंडेक्सही ८८ बघून घेतला, म्हणजे एक टायर ५६० किलोपर्यंत वजन पेलतो.

पीसीडी (नटांची भोकं किती आणि किती मिमीच्या वर्तुळावर) ४ बाय १०० जुळतो म्हणून रिम बसलं असं होत नाही हे मला इथेच नीट कळलं. स्विफ्टच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मधला गोल ५४.१ मिमी, बाजारातल्या बऱ्याच अलॉयचा ७३.१, मधली फट हब रिंगने भरली नाही तर चाक फक्त नटांवर मध्यात धरलं जातं आणि जरा जरी तिरकं बसलं की ८०-९० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतं. त्यांनी चारही चाकांना रिंग टाकल्या, नट अलॉयच्या सीटला जुळणारे दिले आणि शेवटी हाताने टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) लावली, एअर गनवर सोडून दिलं नाही. मी स्पेसरबद्दल (रिम आणि हबच्या मध्ये घालायची चकती) विचारलं तर म्हणाले, आतून घासत असेल तरच त्याचा उपयोग, बाहेरून घासणाऱ्याला स्पेसर म्हणजे उलट जास्त त्रास.

निघायच्या आधी स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी पुढेमागे घेतली, मग माणसं भरून शेजारच्या स्पीडब्रेकरवरून नेली, आवाज नाही. आता पावसाळाही गेला, भरल्या गाडीने खंबाटकीचा घाट केला, मडगार्डच्या आत कुठे घासल्याची खूण नाही.

अर्धा स्टार यासाठी की हब रिंग प्लास्टिकच्या दिल्या, अॅल्युमिनियमच्या मागितल्या तर स्टॉक नव्हता. अलाइनमेंट इथे होत नाही, दुसरीकडे जावं लागतं. भाव बाकीच्या दोन दुकानांपेक्षा थोडा जास्त वाटला पण एवढा वेळ देतात म्हणून मला चालला. पार्किंग नाहीच, शनिवार-रविवार टाळा, सकाळी उघडल्या उघडल्या जा म्हणजे चाक लावून बघायला निवांत वेळ मिळतो, आणि जाताना घरातली दोनतीन माणसं गाडीत घेऊनच जा.